पावणेचार मीटरचा रस्ता, दोन मीटरची गाडी

आमच्या रत्नागिरीत कुणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? दुसरा प्रश्न, खाली बूड लागत नाही ना? गाडी पाच लाखांची असो नाहीतर कोटीची, प्रश्न हेच दोन. बाहेरच्या माणसाला यात चिक्कूपणा दिसतो. मला हे गाडीच्या परीक्षेचे अगदी खरे प्रश्न वाटतात, कारण ते गाडीला आमच्या रस्त्यावर आणून उभं करतात. तिसरा एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तो या दोन्हींच्या आधी यायला हवा. गाडी रुंद किती आहे?

हा प्रश्न मला सुचला त्याला एक निमित्त घडलं. तीन वर्षांपूर्वी गणपतीला पुण्याहून माझा मावसभाऊ नवी गाडी घेऊन आला. डोंगर, चिखल, नदी काहीही ओलांडेल अशी ख्याती आणि आत चामड्याच्या आसनांचा दिवाणखाना, अशा ज्या महागड्या गाड्या असतात त्यांतली ती एक. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मला बोलायचं आहे ते त्या सगळ्याच वर्गाविषयी. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "दादा, दोन दिवस तूच चालव आणि मला खरं काय ते सांग. तिकडे सगळे नुसतं वा वा करतात."

मी चालवली. पहिल्या दिवशी हातखंबा ते पाली महामार्ग, तिथून नाणीज, साखरपा करत आंबा घाट वर आणि परत खाली. दुसऱ्या दिवशी आरे-वारेवरून गणपतीपुळे आणि शेवटी आमच्या वाडीचा रस्ता. पाऊस दोन्ही दिवस धरून होता.

पहिल्या दिवशी गाडीने माझं मन जिंकलं, हे आधीच कबूल करतो. घाटात मालट्रकच्या मागे रखडल्यावर पुढे काढायला जागा मिळते ती जेमतेम शंभर पावलांची. तेवढ्यात ही गाडी आवाज न चढवता पुढे सरकायची. पिकअप म्हणतात तो असा. साखरप्याच्या पुढे धुकं इतकं दाटलं की समोरच्या गाडीचे दिवे दहा पावलांवर येऊन दिसत होते, पण हिच्या दिव्यांनी रस्त्याची कड कधी सोडली नाही. उतारावर एक बटण दाबलं की चारही चाकांचे ब्रेक ती स्वतः धरत-सोडत खाली उतरायची. माझा पाय नुसता टेकलेला. हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनने खड्डे असे गिळले की मागे बसलेली माझी ऐंशीची मावशी झोपून गेली. संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने विचारलं, "पालीपर्यंतचा रस्ता आता कसा आहे हो?" मला सांगता येईना. मी त्याच रस्त्यावरून दोनदा गेलो होतो आणि रस्ता कसा आहे ते मला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मध्ये डांबराची पट्टी, कडेला पाण्याने भरलेलं गटार. वळणावर समोरून वस्तीची एसटी आली. मी मागे घ्यायला लागलो. आरशांच्या घड्या घातल्या, पडद्यावर गाडीच्या चारही बाजू दिसत होत्या, सगळीकडून इशाऱ्याचे आवाज येत होते, आणि तरीही डावी बाजू गडग्याला पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत घासत गेली. यात दोष ना गाडीचा, ना कॅमेऱ्याचा, ना त्या गडग्याचा. आकड्यांचाच मेळ नव्हता.

आकडे साधे आहेत. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली तेव्हापासून खेड्यांना जोडणाऱ्या रस्त्याची डांबरी पट्टी साधारण पावणेचार मीटर रुंद धरली जाते. वाहतूक कमी असेल तिथे तीन मीटरही चालते. कोकणातल्या वाड्यांचे बहुतेक रस्ते या दोन आकड्यांच्या आतबाहेर आहेत. मारुतीची अल्टो आरसे सोडून दीड मीटरही रुंद नाही. म्हणजे दोन अल्टो समोरासमोर आल्या तर पावणेचार मीटरमध्ये एकमेकींना साइड देऊन जातात, वर पाऊण मीटर उरतो. आता ऐषारामी ऑफ-रोड गाडी घ्या. लँड रोव्हरची डिफेंडर आरसे मिटवून दोन मीटर भरते, आरसे उघडले की दोन मीटर दहा सेंटीमीटर. अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या की सव्वाचार मीटर हवेत. डांबर संपतं आणि साइडपट्टीवर उतरावं लागतं, जी आमच्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चिखलाची असते आणि पुष्कळ ठिकाणी नसतेच, कारण तिथे कुणाचं तरी आगर सुरू होतं. डोंगर चढायला निघालेली गाडी माझ्या गावी तीन मीटरच्या रस्त्यावर समोरच्या रिक्षेला वाट देऊ शकत नाही, ही गोष्ट तिच्या परीक्षणात कुठेतरी लिहिली गेली पाहिजे.

या गाड्यांच्या यंत्राविषयी मला मनापासून आदर आहे, आणि तो व्यक्त केल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. पहिली लँड रोव्हर १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात आली ती शेतकऱ्यासाठी. रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्सने तिची पहिली रेघ वेल्समधल्या एका समुद्रकिनाऱ्यावर वाळूत ओढली असं सांगतात. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून अंग ॲल्युमिनियमचं केलं, आणि शेतातली यंत्रं चालवायला इंजिनाची ताकद बाहेर घेता येईल अशी सोय ठेवली. ते एक अवजार होतं. आपल्याकडेही त्याच सुमाराला महिंद्रांनी मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. ती जीप जेमतेम टनभर वजनाची आणि साठ अश्वशक्तीची. कोकणातले जुने लोक जिला नुसतं 'जीप' म्हणत, जी डॉक्टरांना, तहसीलदारांना आणि लग्नाच्या वऱ्हाडाला सारखीच उपयोगी पडली, ती तिचीच लेक. पुढे लँड रोव्हरही आपल्या घरात आली: २००८ साली टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या फोर्डकडून विकत घेतल्या, २०११ पासून पिंपरी-चिंचवडला त्यांच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली, आणि २०२४ मध्ये रेंज रोव्हर ब्रिटनबाहेर पहिल्यांदा जुळवली जाऊ लागली ती आपल्या पुण्यात. नाशिकला थार बनते, रांजणगावला जीप. त्यामुळे ही कुठल्या तरी परक्या देशाच्या हौसेची चर्चा राहिलेली नाही. या गाड्यांची परीक्षा आपण आपल्या मापाने करायला हवी, आणि ती करण्याचा आपल्याला पुरेपूर अधिकार आहे.

ऑफ-रोड म्हणजे नेमकं काय हे पुष्कळ मालकांनाही माहीत नसतं. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल असतो. रस्त्यावर तो सोय करतो, चिखलात घात. एक चाक शेवाळलेल्या कातळावर आलं की ते जागच्या जागी गरगरतं आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक निमूट उभं राहतं. उपाय म्हणजे डिफरन्शियल 'लॉक' करणं, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र फिरायला भाग पाडणं. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरख्यात हे पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकाच्या हाताखाली असतं. महागड्या गाड्यांत तेच काम संगणक करतो: घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवतो, आणि चालकाला पत्ताही लागत नाही. दुसरी गोष्ट लो गिअर. त्यात गाडी माणसाच्या पावलाने चालते, पण चाकांपाशी जोर कितीतरी पट वाढतो. आमच्या गावच्या उभ्या चढावर पहिल्या पावसात जांभ्यावर जो बुळबुळीत थर येतो, त्यावर या दोन गोष्टी असलेली गाडी आणि नसलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मी स्वतः अनुभवलेलं सांगतो आहे.

पण या सगळ्याच्या खाली एक वस्तू असते जिच्याकडे किमतीच्या रुबाबात कुणाचं लक्ष जात नाही. टायर. दोन-अडीच टनांची गाडी जमिनीला धरून असते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. ऐषारामी गाड्यांना दिसायला छान म्हणून वीस-एकवीस इंची रिम आणि त्यावर पातळ रबराची कड दिलेली असते. महामार्गावरच्या खड्ड्याची काँक्रीटची धार त्या कडेला लागली की टायर फुटतो, आणि त्या मापाचा टायर रत्नागिरीत साळवी स्टॉपवर कुणाच्या दुकानात टांगलेला नसतो. लहान रिम, जाड टायर आणि खोल नक्षी एवढं असेल तर साधी गाडीही चिखलातून निघते. हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही. आंब्याच्या बागेतून पेट्या काढणाऱ्या पिकअपवाल्यांनी शिकवलं.

आता ॲव्हरेज. गाडीच्या कागदावर लिहिलेला आकडा खोटा नसतो, तो दुसऱ्या जागेचा असतो. आपल्याकडची चाचणी रोलरवर होते: गाडी जागेवर, चाकं फिरतात, वेग ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वाढतो-कमी होतो आणि नव्वदच्या वर जात नाही. तिथे घाट नसतो, एसी लावून धुक्यात पाऊण तास उभं राहणं नसतं, संगमेश्वरच्या अलीकडे दुसऱ्या गिअरमध्ये तासभर रखडणं नसतं. तीन लिटर डिझेलच्या डिफेंडरला युरोपातल्या जरा कडक चाचणीतही शंभर किलोमीटरला नऊ लिटरच्या आसपास डिझेल लागतं, म्हणजे लिटरला अकरा किलोमीटर. मावसभावाच्या गाडीचा हिशेब आम्ही टाकी ते टाकी काढला तेव्हा तो साडेआठच्या घरात आला. त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, गाडी वाईट नाही रे, वजन उचलतो आहेस ते बघ.

खरोखरच बघण्यासारखं आहे. पालीपासून आंब्यापर्यंत आपण साधारण सहाशे मीटर वर चढतो. माणसं आणि सामान धरून पावणेतीन टन वजन तेवढं उचलायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यासाठी, इंजिन डिझेलमधली तिसरा हिस्सा ऊर्जाच चाकापर्यंत पोचवतं हे धरलं तर, सव्वा ते दीड लिटर डिझेल लागतं. हे फक्त उचलायचं. रस्ता कापायचं वेगळं. चार माणसं घेतलेली छोटी गाडी सव्वा टन भरते, तिला याच चढाला याच्या निम्मंही लागत नाही. आणि उतरताना ते वजन आपल्याला काही परत देत नाही, ब्रेक तापवतं. कंपनी इंजिन कितीही सुधारो, घाटाला वजन मोजावंच लागतं. सपाट प्रदेशात जड गाडीचा खर्च थोडाफार झाकला जातो. आमच्याकडे समुद्रापासून निघून कुठेही जायचं तर सह्याद्री चढावाच लागतो.

'लिटरला किती किलोमीटर' ही भाषाच फसवी आहे, हेही इथे सांगितलं पाहिजे. आठचे दहा झाले तर हजार किलोमीटरला पंचवीस लिटर वाचतात. वीसचे बावीस झाले तर साडेचार लिटरच वाचतात. दोन्हीकडे फरक दोनचाच. म्हणजे छोट्या गाडीवाल्याने एका आकड्यासाठी जीव टाकावा आणि मोठ्या गाडीवाल्याने 'एवढं चालायचंच' म्हणून सोडून द्यावं, हे नेमकं उलटं आहे. जळलेलं प्रत्येक लिटर डिझेल सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड मागे ठेवून जातं, आणि ते मोठ्या गाडीच्या एकेका आकड्यात दडलेलं असतं. अजून पुढे जाऊन माणसांनी भागा. एसटीची साधी गाडी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते, पण चव्वेचाळीस माणसं घेऊन. भरलेली एसटी एका लिटरमध्ये एका माणसाला दोनशे किलोमीटर नेते. दोन माणसं घेऊन चाललेली ही गाडी सतरा.

पाण्याविषयी मला जास्त कळकळीने बोलायचं आहे, कारण इथे चुकीच्या आकड्याने माणसं जातात. डिफेंडर नव्वद सेंटीमीटर खोल पाण्यातून जाते, गुरखा सत्तर, थार पासष्ट, असं कंपन्या सांगतात. हे आकडे खरे आहेत. पण ते संथ पाण्याचे आहेत. आमच्या नद्या संथ नाहीत. सह्याद्रीच्या कड्यावर पडलेला पाऊस पन्नास-साठ किलोमीटरमध्ये समुद्राला मिळतो, त्यामुळे वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या तासा-दोन तासांत फुगतात. आतला तळ पाण्याखाली गेला की गाडी ही एक होडी होते. साडेचार मीटर लांब, दोन मीटर रुंद तळ पाव मीटर बुडाला तर पाणी सव्वादोन टनांचा भार वर ढकलतं, म्हणजे जवळजवळ गाडीच्या वजनाएवढा. चाकांवरचा भार संपला की चारही चाकांना मिळणारी ताकद, लॉक, लो गिअर सगळं निरुपयोगी. उरतो तो फक्त प्रवाह. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला तेव्हा दोन एसटी गाड्या पाण्यात गेल्या. एसटी या गाड्यांच्या कितीतरी पट जड असते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी इमारतींच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. दारात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या, स्वस्त-महाग, सारख्याच बुडाल्या. ज्या आकड्याने माणसाला मोरीवरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालायचा धीर येतो, तो आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग रस्ता सोडून जायचं कुठे? रत्नागिरी जिल्ह्यात रस्त्याबाहेरची मोकळी जमीन म्हणजे दोनच: समुद्राची पुळण आणि जांभ्याचा सडा. पुळणीवर गाडी घालणारे दर सुट्टीत दिसतात. ओहोटीला वाळू घट्ट असते म्हणून आत जातात, चाक एका जागी फिरलं की गाडी बुडापर्यंत रुतते, भरती यायला लागते आणि गावातला ट्रॅक्टर धावून येतो. गाडी निघते, खालचं काय? वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी इथल्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालून जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासला गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी जपली. अडीच टनांनी दाबलेल्या वाळूतून तळहातावर मावणारं पिल्लू वर कसं येणार?

सड्याचं दुखणं याहून खोल आहे. बाहेरून आलेल्याला सडा म्हणजे काळा, ओसाड, गाडी पिटाळायला उत्तम मैदान वाटतो. त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही आपल्या जिल्ह्यातली ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. जिथे कुंपण नाही, फलक नाही, तिथली कित्येक चित्रं मातीच्या पातळ थराखाली अजून आहेत. पावसाळ्यात त्याच थरावर दीपकाडीची पांढरी फुलं येतात आणि बोटभर पाण्यात सीतेची आसवं. नक्षीदार टायर एकदा फिरला की तो थर पुन्हा बसायला किती पावसाळे लागतील हे सांगवत नाही. म्हणजे या गाडीचं जे खास कर्तृत्व, ते दाखवायला इथे ज्या जागा आहेत त्यांवर चाक जाताच कामा नये. मला हा निष्कर्ष टाळता येत नाही.

याचा अर्थ फोर बाय फोर कोकणाला नको असा अजिबात नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी वाड्यांना कित्येक दिवस वीज नव्हती, रस्त्यांवर झाडं आडवी होती. जुलै २०२१ मध्ये खेड तालुक्यात पोसऱ्याला दरड कोसळली, माणसं गाडली गेली. अशा वेळी वायरमनला, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, १०८ च्या रुग्णवाहिकेला चारही चाकांची ताकद हवी असते. बाळंतीण घेऊन साकवापर्यंत येणाऱ्या गाडीला हवी असते. त्या गाडीला चामड्याची आसनं नकोत, ती पावणेदोन मीटरहून रुंद नको, तिचा टायर आणि तिचं क्लच तालुक्याच्या गावी मिळायला हवं, आणि खाऱ्या वाऱ्याने सांगाडा सडला तर आमच्या मिस्त्रीला तो जोडता यायला हवा. अशी गाडी बनवण्याची अक्कल आपल्याकडे आहे, ऐंशी वर्षांची आहे. पण कमाई वरच्या टोकाला आहे, आणि कंपन्यांची बुद्धी कमाईमागे जाते.

सरकारचा करही या बाबतीत आमच्या बाजूने विचार करत नाही. जीएसटीमध्ये सर्वांत वरच्या कराची एसयूव्ही कोणती, याची व्याख्या अशी होती: लांबी चार मीटरच्या वर, इंजिन पंधराशे सीसीच्या वर आणि जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. म्हणजे ज्या गोष्टीसाठी कोकणातला माणूस 'बूड लागत नाही ना' असं विचारतो, ती उंची चैनीची खूण म्हणून कायद्यात बसली. रुंदी आणि वजन, ज्यांचा भार रस्त्यावर, घाटावर आणि समोरून येणाऱ्यावर पडतो, त्यांचा त्यात उल्लेखच नाही. या व्याख्येमुळे गाड्यांचे आकारही ठरले: थार ३९८५ मिलिमीटरवर थांबते, आणि २०२३ मध्ये आलेली तिची दीड लिटर डिझेलची स्वस्त आवृत्ती पुढच्या चाकांची ताकद काढून टाकून आली. सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या गाडीवर कर आणि उपकर मिळून ५० टक्के होता, आता ४० आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही. पण कर वजनावर लावला असता आणि उंचीला सूट दिली असती, तर आमच्या उपयोगाच्या गाड्या निघाल्या असत्या, एवढं मला दिसतं.

माझा मावसभाऊ यावर म्हणाला, आणि पुष्कळ जण म्हणतील, की दादा, रस्तेच असे आहेत, मग माणूस करणार काय? बायको-मुलांना घेऊन रात्रीचा येतो, जड गाडीत जीव सुरक्षित वाटतो. मला हे पटतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेलं मूल आज चांगलं मोठं झालं असेल आणि आपण अजून पूर्ण रस्त्याची वाट बघतो आहोत. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाडहून वेर्ण्यापर्यंत लोकांच्या मोटारी रेल्वेच्या वाघिणींवर चढवून न्यायची सोय केली. ज्या रस्त्याची अशी अवस्था आहे तिथे कुणी स्वतःच्या पैशाने भक्कम गाडी घेतली, तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही.

पण त्या भक्कम गाडीत बसून मीच दोन दिवस फिरलो होतो, आणि रस्ता कसा आहे हे बायकोला सांगू शकलो नव्हतो. तेव्हापासून हा विचार माझी पाठ सोडत नाही. जिल्ह्यात ज्यांच्या शब्दाला वजन आहे, ज्यांनी एक फोन केला तर अभियंता दारात येतो, ठेकेदार, पुढारी, मोठे बागायतदार, नावाजलेले डॉक्टर, तेच एकेक करून या गाड्यांत बसू लागले आहेत. पूर्वी आमदाराची जीपही त्याच खड्ड्यात आदळायची ज्यात एसटी आदळायची. आता खड्डा त्याला लागेनासा झाला. तो वाईट माणूस झाला नाही, त्याच्या पाठीच्या कण्याला बातमी पोचायची बंद झाली. सस्पेन्शन जितकं उत्तम, तितकी ही बातमी कमी. तक्रार करायला मागे राहतात ते दुचाकीवरून दापोलीला कॉलेजात जाणारे, मासळीची टोपली घेऊन रिक्षात बसणाऱ्या बायका आणि एसटीतले म्हातारे, आणि त्यांच्या तक्रारीला फोन उचलला जात नाही. म्हणून या गाडीच्या परीक्षणात मी एक रकाना वाढवीन: मालकाला रस्ता किती जाणवतो. बाकी सगळ्या रकान्यांत तिला पैकीच्या पैकी पडले तरी या रकान्यात तिला शून्य आहे, आणि आमच्या जिल्ह्यापुरता हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे.

त्या संध्याकाळचं अर्धंच सांगितलं. गाडी घासल्यावर मला ती पुढेही नेता येईना, मागेही. शेवटी एसटीचा कंडक्टर छत्री उघडून खाली उतरला, बसच्या मागे गेला आणि हाताने पत्र्यावर थापा मारत "येऊ दे, येऊ दे" ओरडायला लागला. ड्रायव्हरने ती अख्खी गाडी, तीसेक माणसांसकट, वळणावरून उलटी, मोरीपर्यंत मागे नेली. आम्ही शेजारून निघालो तेव्हा खिडकीत आमच्याच वाडीतल्या काकी बसल्या होत्या. त्यांनी काच सरकवली. मला वाटलं गाडीचं कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "लवकर जा रे बाबा, पोरांची शेवटची गाडी चुकेल फाट्यावरची."